वाणाच्या कॉलरी

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

नळाला पाणी आलं नाही. टाकीतलं पुरवलं. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर परीक्षेचे अर्ज तपासले. सहाला घरी. सकाळचंच वरण होतं, भात तेवढा टाकला.

सातला अक्का जिना चढून वर आल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. जाऊ म्हणून नाही, घरातली थोरली म्हणून आल्या होत्या. खुर्ची ओढली त्यावरूनच कळलं.

"बावन्न दिवस झाले. आता हणमंताचे कपडे काढ."

मी भाताखालचा गॅस बारीक केला.

"रीत तुला ठाऊक हाय. आपल्या घरात गेलेल्याचं कापड पहिल्या संक्रांतीच्या आत उंबऱ्याबाहेर जातं. अन् बायकोच्या हातानंच जातं. दुसऱ्या कुणी नेलं तर दुखवटा बसून राहतो घरात. सृष्टीची पहिली संक्रांत हाय. हलव्याचे दागिने सांगून ठेवले मी. मला हळदीकुंकू करायचंय."

सृष्टी त्यांची सून. मे महिन्यात अनिमेषशी लग्न झालं. पोरीची पहिली संक्रांत परत येत नाही, हे खरंच आहे. मी कुठं नाही म्हणतेय.

"बघते," म्हणाले.

"बघायचं काय त्यात," म्हणाल्या आणि उतरल्या.

नऊ शर्ट आहेत. हे सोमवारी नोकरीवर लातूरला जायचे, शनिवारी यायचे. एका मंगळवारी तिथल्या खोलीत झोपले ते उठले नाहीत. खोलीमालकानं सामान खताच्या पोत्यात भरून दिलं. पँटी, चपला तेराव्याला माझा हात लावून वाटून टाकल्या. शर्ट मी गादीखाली घातले होते, म्हणून राहिले.

६ डिसेंबर

शर्ट काढले. घड्या घातल्या. परत ठेवले. राखाडी चौकड्यांचा धुतलेला नाही. तो खोलीतल्या खुंटीवरून आलेला आहे.

७ डिसेंबर, रविवार

लातूरला माहेरी जाऊन आले. डोक्यात असं होतं की शर्ट महिनाभर दादाच्या लोखंडी पेटीत ठेवायचे. म्हणजे माझ्या हातानं उंबऱ्याबाहेर गेले. संक्रांत झाली की गुपचूप परत आणायचे. चांगली युक्ती वाटली होती.

वहिनीनं भाकरी, पिठलं केलं. जेवण झाल्यावर पिशवीकडे बघून विचारलं, "काय आणलंत वन्सं?"

सांगितलं. वहिनी उठली आणि पिशवीजवळ वाळत पडलेला दादाचा टॉवेल उचलून आत घेऊन गेली. मग येऊन बसली.

"वाईट वाटून घेऊ नका. पण गेलेल्या माणसाचं कापड कुणी माहेरात ठेवतं का? आमच्या बी घरात कर्ता पुरुष हाय."

दादा टीव्हीवर बातम्या बघत होता. मान वळवली नाही. आवाज मात्र थोडा वाढवला.

स्टँडवर सोडायला आला. पिशवी हँडलला अडकवली होती. तिला गुडघा लागू नये म्हणून पाय बाहेर काढून गाडी चालवली त्यानं, घरापासून स्टँडपर्यंत. त्याचा पाय दुखला असेल.

परतीला गाडी अहमदपूरला थांबली. सगळे चहाला उतरले. मी बसून राहिले. पिशवी मांडीवर होती.

९ डिसेंबर

अंग मोडून आलं म्हणून रजा टाकली. दुपारी अक्का जिन्यातून बोहारणीला घेऊनच वर आल्या. टोपली, त्यात स्टीलचे डबे, गाळण्या.

"काढ गं शर्ट. आयती दारात आलीय."

काढले. नाही म्हणायला तोंड उघडायचं राहिलं. बोहारणीनं एक शर्ट उजेडात धरला.

"कुणाचे हायत?"

"माझ्या दिराचे. लई जपून वापरायचा," अक्का म्हणाल्या.

"हायत का गेले ते?"

अक्का टोपलीतले डबे बघायला लागल्या. तिनं शर्ट खाली ठेवला. "मंग निम्म्यात घेईन. अन् ह्या कॉलरी बघा बाई, पार झिजल्यात. माणूस मान लई घासत व्हता. डबा येत न्हाई ह्याला. चहाची गाळणी येईल."

"दे की गाळणी."

मी खाली बसून नऊच्या नऊ शर्ट उचलले. छातीशी धरले असतील, आठवत नाही. बोहारीण टोपली उचलता उचलता म्हणाली, "राहू द्या अक्का. मीच उगं आले."

ती गेल्यावर अक्का दारात थांबल्या. "मोठी सांभाळणारी! जिता होता तवा महिन्यातनं चार रविवार बघायचीस त्याला."

हे खोटं नाही. चारच.

११ डिसेंबर

थंडी वाढली. सकाळी पाण्यात हात घालवत नाही.

बोहारणीचं बरोबर होतं. प्रत्येक कॉलर घडीवर झिजलेली, डावीकडे जास्त. आई अशा कॉलरी उसवून उलट्या बसवायची, झिजलेली बाजू खाली जायची, शर्ट दोन वर्षं पुढे चालायचा. म्हटलं तसं करावं. आकाशी शर्टाची कॉलर उसवायला घेतली. उसवताना वाटलं, परत कुणासाठी लावायची?

मग उसवली नाही. कॉलरीसकट छातीचा वीतभर भाग आणि पाठीचा वीतभर भाग कापला. कडा दुमडून शिवल्या. दोन्ही बाजूंना काखेखालून इलॅस्टिक. वरची दोन बटणं त्यांचीच. ड्रेसवर घातली, वरून मरून स्वेटर. गळ्यातून कॉलरीची दोन टोकं तेवढी बाहेर.

आरशात बघितलं. आत पूर्ण शर्ट आहे असंच वाटतं.

१२ डिसेंबर

ऑफिसला तशीच गेले. शेजारच्या टेबलावरच्या ज्योत्स्नानं लगेच ओळखलं. "स्वेटरखाली शर्ट कधीपासून घालून राहिलीस?" स्वेटर थोडा ओढून दाखवलं, की निस्ती कॉलर आहे. हसली. हात लावून शिवण बघितली. मग विचारलं, "कुणाचा?"

सांगितलं. वाटलं हात काढून घेईल. तिनं काढला नाही. म्हणाली, "छान शिवलीस. इलॅस्टिक जरा ढिलं कर, काखेत वळ उठतील."

वळ उठले होतेच.

१६ डिसेंबर

क्रीम शर्टाचीही केली. एक धुतली की दुसरी. खरबरीत आहे, मानेला घासते. दिवसभर कळत राहतं.

२१ डिसेंबर, रविवार

जिन्यात अक्का आडव्या आल्या. गळ्याकडे बघितलं.

"ही कुठनं घेतलीस?"

"शिवली."

"काढ बघू."

तिथंच स्वेटर काढून, कॉलर काढून दिली. उलटून बघितली, परत सुलटी केली. बराच वेळ हातात धरली. सृष्टी आतून आली, "अय्या काकू, किती मस्त!" म्हणून गळ्याला लावून बघायला गेली तर अक्कांनी घेऊ दिली नाही. "ठेव. ताणशील."

मग मला म्हणाल्या, "यंदा वाण हेच. डबे अन् चाळण्या लुटून बायका कंटाळल्या. कॉलनीतल्या समद्या सकाळी स्वेटर घालून फिरायला जात्यात, कामाला येईल. एकवीस कर. कापड कटपीसच्या दुकानातनं तूच आण, पैसे देते."

मी हो म्हणाले. कुणीतरी काहीतरी कर म्हणालं याचं बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू.

सृष्टी आत गेल्यावर आवाज खाली आणला. "फक्त एक. हात तुझा हाय ते कुणाला कळू देऊ नको. पुण्यावरनं मागवल्या म्हणून सांगीन मी. सवाष्णीचं वाण हाय, तुला काय सांगायचं, शिकलेली हायस. अन् त्या दिवशी वरच बस. तिळगूळ पाठवून देईन."

"बरं."

"अन् ते शर्ट बी काढ. चौदा तारखेला मला ते घरात नको."

२२ डिसेंबर

कटपीसच्या दुकानासमोरून दोनदा गेले. आत गेले नाही.

ठरवलं आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला असं म्हणता येणार नाही की दुःखात काय केलं ते कळलं नाही. डोकं शांत आहे. वाण ह्यांच्या शर्टांचं करायचं. ज्या हळदीकुंकवात मला बसायला जागा नाही, त्यातल्या प्रत्येकीच्या गळ्यात हे जाऊन बसतील. हळद लावून, कुंकू लावून, हसून घेतील. आणि कुणालाही कळणार नाही. मला कळेल.

बोहारणीला निम्म्यातही नको होते. वहिनीला पेटीत नको होते. घ्या आता गळ्यात.

२८ डिसेंबर, रविवार

कागदाचं कटिंग करून घेतलं. एका शर्टाला कॉलर एकच असते, बाकीच्या पाठीतून आणि बाह्यांतून काढाव्या लागतात. आत बकरम घातलं की नव्यासारख्या ताठ उभ्या राहतात. एका शर्टात तीन निघतात, बारीक बघितलं तर पाच. आकाशी आणि क्रीमचं उरलेलं आणि आणखी पाच शर्ट, एवढ्यात एकवीस होतात. म्हणजे दोन राहतात. पांढरा आणि राखाडी चौकड्यांचा. ते माझे.

आज हिरव्या रेघांचा कापला. खिशाखाली पेनाचा डाग होता, तेवढा भाग सोडला.

१ जानेवारी २०२६

बारा झाल्या. मशीनचा पट्टा तुटला, नवीन आणला.

खालून सृष्टीनं हाक मारली, "काकू, चहा?" गेले. अक्कांनी कप दिला. शिवण कुठवर आली एवढंच विचारलं. कापड कुठून आणलं, कसं आणलं, काही नाही.

४ जानेवारी, रविवार

एकवीस इस्त्री करून नेऊन दिल्या. अक्कांनी एकेक मोजली. हसल्या, मला वाटतं मनापासून.

"हात चांगला हाय तुझा. अजून पाच लागतील. हदगावहून माझ्या बहिणीच्या सासरचे येऊन राहिलेत."

वर येऊन पांढरा शर्ट काढला. अनिमेषच्या लग्नात घातला होता. पंगतीत वाढताना बाही वर केलेली, तिची घडी अजून तशीच होती. ती घडी मोडून कापावी लागली.

१० जानेवारी

सव्वीस दिल्या. अक्का म्हणाल्या, "आणखी पाच कर. एकतीस बरं दिसतं."

आता फक्त चौकड्यांचा राहिला आहे.

संध्याकाळी कटपीसच्या दुकानात खरंच गेले. कापड निवडलं. दुकानदारानं मोजून कात्री लावली, टर्रकन फाडलंही. नव्या कापडाला खळीचा वास येतो. आणि मनात आलं — सव्वीस जणींच्या गळ्यात हे आणि पाच जणींच्या गळ्यात दुकानातलं कापड. त्या पाच जणी सुटल्या. त्यांनी का सुटावं?

"नको," म्हणाले. दुकानदार म्हणाला, "बाई, फाडल्यावर नको म्हणता?" त्याचे पैसे देऊन कापड तिथंच ठेवून आले.

११ जानेवारी, रविवार

चौकड्यांचा धुवावा लागणार. न धुतलेलं कुणाच्या गळ्यात कसं द्यायचं.

नाकाला लावला. बगलेत अजून होता. बादलीत साबणाचं पाणी केलं, शर्ट टाकला. तो वर तरंगत राहिला, आत हवा धरून. बराच वेळ हात घातला नाही. मग दाबला. घासला. पाणी मातकट निघालं, लातूरच्या धुळीचं. ओतून दिलं.

उन्हात दोन तासांत वाळला.

पाच निघाल्या. बरोबर पाच.

१३ जानेवारी, भोगी

खालून बाजरीच्या भाकरीचा वास. सृष्टीनं भोगीच्या भाजीची वाटी आणून दिली.

अक्का मागोमाग आल्या. "कपडे काढलेस का?"

"काढले."

"बरं," म्हणाल्या. कुठं दिले, कुणाला दिले, काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

"दोन कमी पडून राहिल्यात गं. ऐनवेळी दोघी वाढल्या."

"आता कापड नाही अक्का."

"तुझ्या गळ्यात हाय की. अन् एक दोरीवर बघितली मी."

आकाशी गळ्यात होती. क्रीम दोरीवर. त्यांनी पुढे होऊन माझ्या मानेमागे हात घातला, स्वेटरच्या आतून कॉलर सरळ केली आणि दोन्ही बटणं स्वतः काढली. लहान पोरीची काढावीत तशी, हळू. बोटं गार होती. इलॅस्टिक सोडवायला मी हात वर केले.

नाही म्हणता आलं असतं.

"धुऊन इस्त्री केली की कळत बी न्हाई," अक्का म्हणाल्या.

गळ्याला वारा लागतोय. स्वेटरवर शाल घेतली.

१४ जानेवारी, संक्रांत

चारपासून गर्दी. गेट सारखं वाजत होतं. सृष्टीला काळी साडी, हलव्याचे दागिने, गळ्यापासून बिंदीपर्यंत. वर येऊन दाखवून गेली. पाया पडायला वाकली आणि मध्येच थांबली, जिन्याकडे बघितलं. "राहू दे," म्हणाले. "छान दिसतेस."

मग वरून ऐकत बसले. "हणमंतरावांना जाऊन तीन महिनेच झाले ना हो?" कुणीतरी हळू विचारलं. अक्का: "समदं रीतीनं झालं. दुखवटा निघाला." मग बांगड्या, उखाणे, हसणं. मग वाण निघालं. "अय्या, हे काय!" "स्वेटरखाली घालायची कॉलर. पुण्याची हाय." "निस्ती कॉलर? आत काहीच न्हाई?" "आत तू हायस की!" हा हा हा.

गॅलरीतून बघितलं. एकेक बाई गेटबाहेर पडत होती. कपाळाला हळदीकुंकू, हातात तिळगुळाची पुडी, आणि ह्यांची कॉलर. एकीनं तिथंच रस्त्यावर लावून बघितली. हिरव्या रेघांची.

मोजत होते. तेहेतीस.

मला आनंद झाला. असा आनंद मला आधी कधी झालेला नाही. चांगला नव्हता, पण होता.

तिळगूळ पाठवायचा विसरल्या.

१६ जानेवारी

भाजीवाल्याच्या गाडीपाशी पांढरी कॉलर. स्टँडच्या वळणावर चौकडी. आज तीन ठिकाणी दिसले. तिसऱ्यांदा दिसले तेव्हा तिथंच उभी राहिले. ती बाई पुढे चालत होती, मागून मान तेवढी दिसत होती, मी तिच्या मागं शंभर पावलं गेले. मग ती वळली. तोंड भलत्याच बाईचं.

समोरच्या घरातली मनस्विनी गेटवरून म्हणाली, "काकू, तुमच्या जाऊबाईंची आवड फार छान आहे हो. मी तर काढतच नाही." चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तिच्या गळ्यात आकाशी. जी माझ्या गळ्यातून काढली ती.

रात्रंदिवस तिच्याच गळ्यात. माझ्याकडे एकही नाही.

१९ जानेवारी

मनस्विनीच्या नवऱ्याला काल पहाटे दवाखान्यात नेलं. पोटात कळ आली, उलट्या, शुद्ध हरपली. सृष्टी सांगत होती. आयसीयूत ठेवलंय म्हणे.

मी बी.एस्सी. आहे. असं काही नसतं, हे मला माहीत आहे.

२० जानेवारी

असं काही नसतं. पण मी ते असतं असं समजूनच दिलं होतं ना? नाहीतर कटपीस का नको होतं? त्या पाच जणींनी का सुटावं, असं याच वहीत लिहिलंय. आज वाचून बघितलं. अक्षर सुद्धा चांगलं आलंय.

त्या पोरीनं माझं काय केलं होतं?

२१ जानेवारी

ऑफिसला निघाले ती आधी समोरच्या घरी गेले. म्हटलं कॉलर मागून घ्यावी, शिवण उसवलीय, नीट करून देते म्हणावं. मनस्विनीची सासू दार धरून उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"बाहेरूनच बोला बाई. रथसप्तमी व्हायचीय अजून. त्यात पोरगं दवाखान्यात हाय. तुम्ही आत्ता दारात नको."

"मनस्विनी—"

"दवाखान्यातच हाय ती. तीच कॉलर घालून बसलीय. म्हणती वाणाची हाय, राहू द्या, चांगली असती."

दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळू लावलं.

ऑफिसात ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात हे वाणबिण नाही, मला त्यातलं कळत नाही. त्या माणसाला तू आजारी पाडलं नाहीस, एवढं कळतं. पण तुझ्या मनात काय होतं ते तूच सांगितलंस." आणि अर्ज पुढे ओढले. दुपारी डबा वेगळा खाल्ला तिनं. काम होतं म्हणाली.

२२ जानेवारी

अजून आयसीयूतच.

झोप नाही. उद्या अक्कांना सांगणार. घरातून काढतील. काढू देत. पण तेहेतीसच्या तेहेतीस परत गोळा करायच्या. मी घरोघर जाईन, खरं सांगेन, थुंकल्या तर थुंकल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. कटपीस आणलंच नाही, सगळ्या ह्यांच्या शर्टांच्या आहेत, एका दमात. अक्का वाटाणे सोलत होत्या. हात थांबला नाही.

"पहिल्या दिवशीच ओळखली मी. दिराचा शर्ट ओळखू येत न्हाई होय मला? तू ऑफिसात गेलीस की वर येऊन बघायची, किती राहिले. एकवीसात दोन उरले, म्हणून सव्वीस केल्या. एक उरला, एकतीस केल्या. मग तुझ्या गळ्यातली. संक्रांतीच्या आत जायला पाहिजे होते अन् तुझ्या हातानं जायला पाहिजे होते. गेले."

"आणि त्या बायका?"

"सृष्टीला दिली न्हाई. मी घेतली न्हाई. लोकांचं लोक बघतील. अन् मनस्विनीच्या नवऱ्याला तीन वर्षं झाले पथरी हाय. उगं सोताला लई मोठी समजू नको."

वर आले. कुणाच्या दारी गेले नाही. वाटीभर तांदूळ ताटात घेतले. खिडकीपाशी बसून निवडले.